माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांतील मैलावायु : एक कालनिर्णय

ऐतिहासिक पोवाड्यांचा ज्यास नाद आहे त्यास अॅक्वर्थ आणि शाळिग्राम हें जोडनांव ठाऊक नाहीं, असें सहसा होत नाहीं. हॅरी आर्बुथनॉट अॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ या संग्रहाचा पहिला भाग १८९१ सालीं निघाला, आणि पोवाड्यांचें इंग्रजी रूपांतर अॅक्वर्थसाहेबांनीं १८९४ सालीं लंडनास प्रसिद्ध केलें. माझ्या संग्रहीं त्या पहिल्या भागाची एक प्रत आहे. तिचें मुखपृष्ठ गेलेलें असून कडा कसरीनें कुरतडल्या आहेत. तरी ती मी कोणास सहसा हाताळूं देत नाहीं. परंतु हे अॅक्वर्थसाहेब मुंबई म्युनिसिपालिटीचे कमिशनर होते, आणि पोवाडे छापून निघाले त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८९० च्या नोव्हेंबरांत (शके १८१२, विकृतिनाम संवत्सर), त्यांनीं शहराच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठीं माटुंग्यास एक आश्रम उघडला, ही गोष्ट पोवाड्यांच्या अभ्यासकांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असते. दादरच्या पूर्वेस, आज ज्यास आपण वडाळा म्हणतों त्या भागांत, अॅक्वर्थ यांचेंच नांव धारण करून तें रुग्णालय अद्यापि उभें आहे.

प्रस्तुत टिपणाचा विषय पोवाडे नव्हे, आणि खरें म्हणजे कुष्ठरोगहि नव्हे. त्या आश्रमाच्या मैल्यांतून निघणारा ज्वालाग्राही वायु धरून त्याचा दिव्यांकडे व यंत्राकडे उपयोग करण्यांत आला, ही घटना केव्हांची, आणि तें काम वस्तुतः कोणीं केलें, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

प्रश्न उपस्थित होण्याचें कारण असें. मैल्यापासून अथवा शेणापासून वायु काढण्याच्या विद्येवर जीं पुस्तकें प्रचारांत आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या पहिल्या प्रकरणांत एक वाक्य ठरलेलें असतें. अशा प्रकारची जगांतील पहिली टाकी मुंबईच्या एका कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत १८५९ सालीं बांधली गेली, असा त्याचा आशय. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले तेव्हां या विषयावरील लहान-मोठीं पुस्तकें भराभर निघूं लागलीं. त्यांतील मेनेल यांच्या १९७६ सालच्या पुस्तकाकडे या विधानाचा आधार म्हणून बोट दाखविण्यांत येतें. तेथून तें नकलेवर नकल होत आजतागायत चाललें आहे. ज्यांनीं एकाच बखरीच्या पांच-सहा प्रती ताडून पाहिल्या आहेत त्यांस हा प्रकार नवा नाहीं. एका लेखकानें मिती चुकविली कीं पुढचे पांचहि ती निष्ठेनें चुकवितात, आणि मग ‘पांच प्रतींचा एकमुखी आधार’ म्हणून तीच चूक आपल्यासमोर उभी राहते.

येथें मला स्वतःचाहि एक दोष कबूल केला पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं गिरगांवांतील ज्या शाळेंत मी संस्कृत शिकवीत असें, तेथील मुलांच्या हस्तलिखित वार्षिकांत हें १८५९ चें वाक्य मीं स्वतः तपासून जाऊं दिलें होतें. तपासलें तें व्याकरण. साल तपासण्याचें सुचलें नाहीं. आपली मुंबई जगांत पहिली, या वाक्यास कोण हरकत घेणार? पुढें कित्येक वर्षांनीं पोवाड्यांच्या निमित्तानें अॅक्वर्थ यांचें चरित्र चाळतांना आश्रमाचें स्थापनावर्ष डोळ्यांसमोर आलें, आणि ३१ वर्षांचें अंतर एकदम लक्षांत आलें.

आश्रमच मुळीं १८९० सालचा. तेव्हां त्या आश्रमांतील टाकी १८५९ ची असणें शक्य नाहीं. याहून अधिक कांहीं सांगण्याची गरज नव्हती. परंतु कोणी अशी शंका घेईल कीं ‘कुष्ठरोग्यांची वसाहत’ म्हणजे माटुंग्याचीच कशावरून? त्यापूर्वींहि मुंबईंत कुष्ठरोग्यांस आसरा होता. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं भायखळ्याच्या बाजूस बांधलेल्या धर्मशाळेंत अपंगांबरोबर असे रोगीहि ठेवले जात. शंका रास्त आहे, म्हणून शहराच्या त्या वेळच्या स्थितीकडे पाहूं.

कुजवण टाकीस, ज्यास सर्वत्र सेप्टिक टँक म्हणतात तीस, पहिली सामग्री लागते ती पाण्याची. मैला पाण्याबरोबर वाहत टाकींत आला पाहिजे. विहार तलावाचें पाणी मुंबईस मिळूं लागलें तें १८६० सालीं. तत्पूर्वीं शहराचा जीव विहिरींवर व तळ्यांवर होता, आणि मैला हलालखोरांच्या डोक्यावरील टोपल्यांतून वाहिला जात असे. उन्हाळ्यांत पिण्यास पाणी पुरत नसतां मैला वाहून नेण्यास तें कोणी खर्च केलें असेल, हें संभवत नाहीं. दुसरें असें कीं, वायूवर दिवा जळतो हेंच मुंबईच्या रस्त्यानें पाहिलें तें १८६५ च्या ऑक्टोबरांत, आणि तोहि वायु कोळशापासून काढलेला. म्युनिसिपल कमिशनरचें पदहि त्याच वर्षींचें. शके १७८१ च्या सिद्धार्थी संवत्सरांत, ज्या शहरांत नळ नाहीं, वायूचा दिवा नाहीं, कमिशनर नाहीं, तेथें कुष्ठरोग्यांच्या मैल्यापासून वायु काढून जाळणारा कोण महाभाग असावा? धर्मशाळेंत तसें कांहीं झाल्याचा समकालीन उल्लेख मीं पाहिलेल्या साहित्यांत नाहीं.

मग हा आंकडा आला कोठून? माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. १८९५ या संख्येंतील शेवटचे दोन अंक उलटले कीं १८५९ होतात. हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस अंकव्यत्यास हा किती सामान्य प्रमाद आहे हें सांगावयास नको. शब्दांनीं दिलेले काल उलट क्रमानें वाचावयाचे असल्यानें आपल्याकडे तर त्याची उदाहरणें पदोपदीं सांपडतात. १८९५ हें वर्षहि या प्रकरणांत अगदींच परकें नव्हे. इंग्लंडांत एक्सेटर येथें डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं आपली प्रसिद्ध बंद टाकी १८९५-९६ च्या सुमारास चालू केली व तींतील वायु दिव्यांस लावला. एक्सेटरचें साल आणि मुंबईचें स्थळ एकाच टिपणांत शेजारीं शेजारीं असावींत, आणि घाईच्या हातानें त्यांची गांठ मारली जावी, हें अशक्य नाहीं. फ्रान्समधील मुरास यांची बंद टाकी त्याहूनहि जुनी. तिचें वर्णन १८८१ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. परंतु तीपासून वायु घेण्याचा हेतु नव्हता.

गटारविद्येच्या जुन्या अमेरिकन ग्रंथांपासून चालत आलेलें साल १८९७ आहे. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांतील टाक्यांवर वायु धरण्याची योजना होती व त्या वायूवर एंजिन चालविण्यांत आलें, असा तेथील उल्लेख. कोणी हें साल १९०० धरतात. या दोहोंत विरोध असलाच पाहिजे असें नाहीं. टाकी एका वर्षीं बांधली जाते, झांकण दुसऱ्या वर्षीं बसतें, एंजिन तिसऱ्या वर्षीं येतें. वरची मर्यादा मात्र ग्रंथानेंच ठरते. या प्रयोगांचा कर्ता चार्ल्स कार्कीट जेम्स हा मुंबई म्युनिसिपालिटीचा ड्रेनेज इंजिनियर. त्याचा ‘ओरिएंटल ड्रेनेज’ हा ग्रंथ मुंबईस १९०२ सालीं छापला गेला, आणि ‘ड्रेनेज प्रॉब्लेम्स ऑफ द ईस्ट’ या नांवानें त्याची वाढविलेली आवृत्ति १९०६ सालीं निघाली. तेव्हां १८९० ही खालची मर्यादा, १९०६ ही निश्चित वरची मर्यादा, आणि त्यांत १८९७ (शके १८१९, हेमलंबी संवत्सर) हें सर्वांत सयुक्तिक, असा माझा निर्णय आहे. अॅक्वर्थसाहेबांची कमिशनरीची कारकीर्द १८९५ त संपली. आश्रमास त्यांचें नांव असल्यामुळें वायूचेंहि श्रेय त्यांस देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आश्रम त्यांचा, टाकी जेम्सची.

१८५९ गेल्यानें मुंबईचा ‘पहिला’ हा मान गेला, हें खरें. माझ्या एका स्नेह्यांस याचें वाईट वाटलें. परंतु इतिहाससंशोधकानें मानासाठीं साल ठेवावयाचें नसतें. आणि उरतें तें कमी आहे काय? एक्सेटरमागून एक-दोन वर्षांच्या आंत तीच विद्या येथें आली, आणि थंड हवेच्या एक्सेटरपेक्षां येथें तिला अधिक अनुकूल भूमि मिळाली. या कामास ३० ते ३७ अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते. विलायतेंत त्यासाठीं टाकी तापवावी लागते. माटुंग्यास तें काम सूर्यनारायण फुकट करीत होता. टाकींत जड गाळ तळाशीं बसे, हलका मळ साईसारखा वर धरे, मध्यंतरींचें पाणी पुढें जाई व शेतीस दिलें जाई; आणि वरच्या पोकळींत जो वायु सांचे त्याचा सुमारें तीन-पंचमांश भाग मिथेन असे. मिथेन म्हणजे एक भाग कार्बन व चार भाग हायड्रोजन यांचें संयुग, हायड्रोकार्बन म्हणून जें मोठें कुळ आहे त्यांतलें सर्वांत धाकटें मूल. रॉकेल, डांबर, मेण, पेट्रोल हीं सर्व त्याचींच थोरलीं भावंडें.

ज्यांच्या मैल्याचा हा वायु झाला त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत धोक्याच्या रोगांविषयीं जीं कलमें होतीं त्यांचा आधार घेऊन हे लोक रस्त्यांवरून उचलून आणलेले. स्वेच्छेनें आलेले थोडे, आणलेले फार. डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्यासारख्या वैद्यांनीं त्यांची शुश्रूषा केली. परंतु गटारविद्येच्या ग्रंथांत त्यांचें अस्तित्व ‘अमुक माणसांचा मैला’ एवढेंच आहे. शहरानें ज्यांस आपल्यापासून दूर ठेविलें, त्यांच्या गटारानें दिवा लावला, आणि त्या दिव्याच्या इतिहासांत त्यांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं.

आणि वर्ष कोणतें? १८९७. आदल्या सप्टेंबरांत मांडवीस डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला होता. त्या वर्षींच्या १० जानेवारीस हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. गिरगांवापासून परळपर्यंत ‘जंतु’ हा शब्द घरोघर पोहोंचला तो असा, यमाच्या दूताचा पर्याय म्हणून. कुष्ठाचा जंतु तर हान्सेन यांनीं १८७३ सालींच दाखविला होता. जंतूंच्या भयानें शहर ओस पडत होतें, जंतूंच्या भयानें आश्रमास कुंपण होतें, आणि त्याच कुंपणाच्या आंत असंख्य जंतु निमूटपणें एका टाकींत राबून दिवा लावीत होते. त्यांस कामावर कोणीं नेमलें नव्हतें. जेम्सनें त्यांस राहण्यास जागा दिली, एवढेंच.

हे कामकरी कोण, याचा शोध लागण्यास मात्र पुष्कळ काळ लोटला. दलदलीच्या तळाशीं ज्वालाग्राही वायु असतो हें इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवराच्या कांठीं चिखल ढवळून दाखविलें होतें. रशियांत ओमेलिआन्स्की यांनीं माटुंग्याच्या टाकीच्या सुमारासच वनस्पतींच्या तंतूंपासून जंतु मिथेन कसा करतात याचे प्रयोग केले. १९०६ सालीं हॉलंडांत झेंगन यांनीं जंतु हायड्रोजन व कार्बॉनिक वायु यांपासून मिथेन बनवितात हें सिद्ध केलें, आणि मिथेन खाऊन जगणारा जंतुहि त्यांनींच दाखविला. पुढें अमेरिकेंत बार्कर यांनीं ओमेलिआन्स्की यांच्या नांवाचा एक जंतु १९४० च्या सुमारास वेगळा काढला. तो मद्यार्कापासून मिथेन करतो असें दिसे, व तो एकच जातीचा जंतु आहे अशी सर्वांची समजूत होती.

१९६७ सालीं ब्रायंट, वोलिन व वोल्फ यांनीं दाखविलें कीं तो एक नसून दोन आहेत. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर, इतकीं वर्षें एकहाती मानलेल्या बाडांत दोन हस्ताक्षरें निघालीं. पहिला जंतु मद्यार्क खाऊन सिरक्याचें आम्ल व हायड्रोजन सोडतो. हा हायड्रोजन सांचत गेला तर त्याचें स्वतःचेंच काम अडतें. जणूं उष्टीं उचललीं गेल्यावांचून पुढची पंगत बसत नाहीं. दुसरा जंतु तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो, आणि त्यास दुसरें कांहीं खातां येत नाहीं. म्हणजे एकाचें उष्टें हें दुसऱ्याचें जेवण, आणि दुसऱ्यानें जेवणें ही पहिल्याच्या जेवणाची अट. दोघांस वेगळें केलें कीं त्या अन्नावर दोघेहि उपाशी.

टाकींत असे दोनच नसतात. गांवगाड्यांतील बलुतेदारांप्रमाणें प्रत्येकाचें काम वांटलेलें असतें. कोणी पिष्ट, तंतु व चरबी फोडून विरघळवितो. कोणी त्यांतून आम्लें करतो. कोणी त्या आम्लांपासून हायड्रोजन व सिरक्याचें आम्ल काढतो. आणि शेवटीं मिथेन करणारे आपला वांटा घेतात. हे शेवटचे बलुतेदार तर जंतूंच्या जातीचेहि नव्हेत. १९७७ सालीं कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनीं त्यांच्या अंतर्रचनेच्या तपासणीवरून त्यांचें गोत्र स्वतंत्र आहे असें ठरविलें. त्यांस आतां आर्किया म्हणतात. माटुंग्याचें एंजिन चालविणारा म्हणून कोणा एका जंतूचें नांव घेतां येत नाहीं. तें एका समाजाचें काम होतें.

येथें संस्कृतज्ञ म्हणून एक इशारा देणें मला अवश्य वाटतें. अथर्ववेदांतील कृमिसूक्तांत दिसणारे व न दिसणारे असे दोन्ही कृमि सांगितले आहेत, यावरून आपल्या ऋषींस सूक्ष्मजंतुविद्या पूर्णपणें अवगत होती असें प्रतिपादन करणारे लेख अधूनमधून दृष्टीस पडतात. अदृष्ट कृमीची कल्पना असणें निराळें, आणि कोणता कृमि कशाचें काय करतो हें जाणणें निराळें. सूक्तांतील कृमि मारावयाचे आहेत; त्यांच्याकडून काम करून घ्यावयाचें ही कल्पना तेथें नाहीं. जें नाहीं तें आहे म्हणणें हा १८५९ चाच प्रकार झाला.

आतां मिथेनाच्या थोरल्या भावंडांकडे वळूं, कारण त्यांचाहि या भूभागाशीं जुना संबंध आहे. रस्त्यांवरच्या दिव्यांस लागणारा कोळशाचा वायु लालबाग-परळच्या बाजूस तयार होई, आणि लालबागेंतील जुन्या रहिवाशांच्या तोंडीं ‘गॅस कंपनी’ हें स्थलनाम आजहि आहे. कोळसा बंद भट्टींत तापवून वायु काढला कीं मागें डांबर राहतें. अशा कारखान्यांची जमीन जगांत सर्वत्र डांबराच्या अंशांनीं माखलेली आढळते. कुष्ठाश्रमाच्या पूर्वेस शिवडी-वडाळ्याच्या खाजणांकडे पुढें खनिज तेलाच्या कोठ्या उभ्या राहिल्या. माझ्या विद्यार्थ्यांस रोहित पक्षी दाखविण्यास मी शिवडीस नेत असें, तेव्हां पायाखालच्या काळ्या चिखलास येणाऱ्या वासावरून त्यांत तेल किती व गटार किती, यावर मुलांचा वाद चाले. दोन्हीहि असणारच.

तेल जंतु खातात, ही गोष्ट नवी नाहीं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियोशी यांनीं १८९५ सालीं बुरशी मेणाच्या पातळ थरांतून आरपार जाते हें दाखविलें. झोबेल यांनीं १९४६ सालीं जो मोठा आढावा प्रसिद्ध केला त्यांत तेलावर उपजीविका करणाऱ्या जंतूंच्या शंभराच्या घरांत जाती सांगितल्या आहेत. रीति अशी. हवेशीर मातींत जंतु प्रथम तेलाच्या सरळ सांखळीच्या टोंकास ऑक्सिजन चिकटवितो. त्यायोगें तिचें अल्कोहोल, मग चरबीचें आम्ल होतें, आणि तेथून पुढें आपलें शरीर तूप पचवितें त्याच वाटेनें तें दोन-दोन दुव्यांनीं तुटत जातें. ज्यांची रचना कड्यासारखी आहे अशा डांबरांतील द्रव्यांचें कडें आधीं ऑक्सिजन लावून फोडावें लागतें. कांहीं जंतु साबणासारखें द्रव्य सोडून तेलाचे बारीक थेंब करतात. त्यांच्या या कष्टाचा लाभ साबण न करणाऱ्यांसहि मिळतो. सरळ सांखळ्या आधीं संपतात, फांद्यांच्या मागून, कडीं त्याहून उशीरां. आणि रस्त्यावर घालतात तशा घट्ट डांबरास बहुधा कोणीच शिवत नाहीं. तेलाबरोबर मातींत आलेलीं शिसें इत्यादि धातुद्रव्यें तर जंतु मुळींच नष्ट करूं शकत नाहींत. जंतूंनीं जमीन निर्मळ होते असें सरसकट बोलणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

तेलांत कार्बन विपुल, पण नत्र व फॉस्फरस जवळ जवळ नाहींच. म्हणून तेलानें भिजलेल्या जमिनीस खत द्यावें लागतें, ती नांगरून आंत हवा खेळवावी लागते आणि ओल राखावी लागते. अन्न भरपूर असून मीठ-मसाला नसल्यामुळें पंगत खोळंबावी, तसा हा प्रकार. मैलापाण्यांत नत्र व फॉस्फरस दोन्ही असतात. पण तेंच पाणी हवा संपवूनहि टाकतें, म्हणून खाजणांतील गटार तेलाच्या जंतूंस एका हातानें देतें व दुसऱ्या हातानें घेतें. हवा संपलेल्या चिखलांत मग दुसरे बलुतेदार पुढें येतात. समुद्राच्या पाण्यांतील सल्फेट घेऊन ते तेल सावकाश पचवितात व सडक्या अंड्याचा वास सोडतात. शिवडीच्या चिखलाचा वास मुलांनीं गटाराच्या माथीं मारला होता, त्यांत याचाहि वांटा असावा. १९९९ सालीं जर्मनींत झेंगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं हवा नाहीं, सल्फेटहि नाहीं, अशा स्थितींतसुद्धां जंतूंचा समाज तेलाची लांब सांखळी मोडून तिचा मिथेन करूं शकतो. म्हणजे माटुंग्याच्या टाकीचें आणि तेलकट चिखलाचें काम अखेर एकाच पद्धतीचें ठरलें. फरक वेळेचा; टाकींत आठवडे लागतात, तेथें महिने आणि वर्षें.

एकाच्या नांवावर सर्व पराक्रम घालण्याची हौस या विद्येंतहि आहेच. आनंद चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत निरनिराळ्या जंतूंचे गुण एकाच जंतूंत आणून तेल खाणारा एक नवा जंतु निर्मिला, आणि १९८० च्या १६ जूनला तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्याच्या पेटंटास मान्यता दिली. निवाडा जगप्रसिद्ध झाला. तो जंतु मात्र उघड्या समुद्रावर तेल खाण्यास कधीं पाठविला गेला नाहीं. उलट ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ हीं जहाजें आदळून सुमारें आठशें टन तेल सांडलें, तेव्हां किनाऱ्याच्या शुद्धीकरणास टेरी या दिल्लीच्या संस्थेनें जें ‘ऑइलझॅपर’ नांवाचें मिश्रण योजिलें, तें पांच जातींच्या जंतूंचें होतें. मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांच्या भुग्यांत तें मिसळलेलें असतें. वीरपुरुष कागदावर राहिला, शिबंदी कामास आली.

माटुंग्याच्या प्रयोगाची परंपरा पुढें दादरच्या मैला-शुद्धीकरण केंद्रांत चालू राहिली, आणि १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं शेणापासून वायु काढण्याचे प्रयोग केले. १९५१ सालीं जशभाई पटेल यांनीं ‘ग्रामलक्ष्मी’ नांवाचें यंत्र तयार केलें. पुढचा गोबरगॅसचा इतिहास सर्वांस माहीत आहे, म्हणून तो येथें देत नाहीं.

राहिला पुराव्याचा प्रश्न. १८९७ हें साल मीं सयुक्तिक म्हटलें तें दुय्यम ग्रंथांच्या व मर्यादांच्या आधारें. अस्सल कागद याहून निराळा असतो. वडाळ्याच्या रुग्णालयाच्या आवारांत जुन्या आश्रमाच्या वस्तूंचें व कागदांचें एक संग्रहालय आहे. संशोधकांनीं तें अवश्य पाहावें. परंतु म्युनिसिपालिटीचे वार्षिक अहवाल, एंजिनच्या खरेदीचीं बिलें, अथवा ‘इंदुप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ यांसारख्या पत्रांचे अंक खाजगी संग्रहांतूनच निघण्याचा संभव अधिक. ज्या वाचकांकडे १८९० ते १९०६ या काळांतील असें साहित्य असेल, त्यांनीं त्यांत माटुंग्याच्या आश्रमांतील टाकी, वायु, दिवे किंवा एंजिन यांचा उल्लेख आढळल्यास तो उतारा, तारीख व पृष्ठांक यांसह, मंडळाच्या चिटणीसांकडे धाडण्याची कृपा करावी. रद्दीच्या दुकानांत अशा अहवालांस आजहि वजनावर भाव मिळतो, हें ध्यानांत घेऊन विलंब करूं नये.

शाळेच्या त्या वार्षिकाची एक प्रत माझ्यापाशीं आहे. तींतील १८५९ हा आंकडा मीं शाईनें खोडला असून त्यावर १८९७ असें लिहिलें आहे. पण तें पेन्सिलीनें.